डॉक्टरांच्या मुठीतली सुपारी

डॉक्टर,

“मला विचारू नका, शेजारी बसलाय त्याला विचारा.” हे तुमचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते तुमच्या आवाजात ऐकूच येत नाही, माझ्याच आवाजात येतं. सांगलीच्या या इस्पितळात मी बुधवारी दुपारी बायकांना घेऊन बसते. बाळंतपणाला आलेल्या आणि मोकळ्या हातांनी घरी गेलेल्या बायका. कुणाचं मूल पोटातच गेलेलं, कुणाचं पाचवी पुजायच्या आत. त्या परत येतात, जाजमावर गोल बसतात, पदर सारखा करतात आणि माझ्या तोंडाकडं बघतात. मग मी तुमचं वाक्य म्हणते, आणि म्हणताना दर वेळी मला तुमचा राग येतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी पंचेचाळिशीला आले, तरी हा राग काही जुना होत नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे. हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, त्यामुळं तुमची भीड धरण्याचंही कारण नाही.

जपानची लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्या साताऱ्याकडं तेव्हा गावोगावी पलटणीतले लोक परत येत होते. हात जागेवर, पाय जागेवर, छातीवर बिल्ले. आणि तरी घरातल्या बायका एकमेकींना हळूच विचारायच्या, तुमच्याकडं कसं हाय? आमच्याकडं माझा दादा आला होता, ब्रह्मदेशातून. आई म्हणाली, “पोरगं धडधाकट आलं, पण झोप तिकडंच इसरून आलं.” तो भिंतीला पाठ लावून बसायचा. डोळा लागायला लागला, मान कलली, की दचकून उठायचा आणि विहिरीवर जाऊन डोक्यावर पाणी ओतून घ्यायचा. झोप येत नव्हती असं नाही, तो येऊ देत नव्हता. औत धरून चालता चालता झोकांड्या द्यायचा. आईनं अंगारे आणले, उतारे टाकले. शेवटी माझा चुलता म्हणाला, “पेरणीपतूर बघू. तवर सुधारला तर सुधारला, न्हाईतर पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन घालू. शेतं करायची का ह्याला राखत बसायचं?” तिथं घातलेला माणूस परत आलेला आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिला नव्हता. आणि दादा म्हणजे माझ्यासाठी नुसता भाऊ नव्हता. आमचे वडील लवकर गेले. पलटणीतून त्यानं घरी लिहून कळवलं होतं की बहिणीला शाळेतून काढायचं नाही. त्याच्या त्या हट्टामुळं मी सातवी झाले आणि साताऱ्याच्या इस्पितळात नर्सचं काम शिकायला लागले. पेरणीला चारच महिने होते, आणि माझ्या हातात तुमच्याशिवाय काही नव्हतं.

तुम्ही नुकतेच लष्करातून आला होतात. मोठे डॉक्टर तुम्हाला मागून हसायचे, मागच्या पडवीला ‘गप्पांचा वॉर्ड’ म्हणायचे. तुम्ही हात धुता धुता मला समजावून सांगितलं होतं ते आठवतं. म्हणालात, सिस्टर, लष्करी इस्पितळात मन बिघडलेले जवान एवढे आले की एकेकाशी बोलायला डॉक्टर पुरेनात. म्हणून आम्ही त्यांना एकत्र बसवायला लागलो. अडचण म्हणून केलं आणि तेच औषध निघालं. जे माणूस डॉक्टरला सांगत नाही, ते शेजारच्याचं ऐकून त्याच्या तोंडातून आपोआप निघतं, कारण शेजारच्यालाही तेच होत असतं. मी विचारलं, मग तुम्ही काय करणार? तुम्ही टॉवेल खुंटीला लावलात आणि म्हणालात, “मी तिथं असेन.” मला तेव्हा हे उत्तर फार मोठं वाटलं होतं. नंतर कित्येक गुरुवारी वाटलं, हे काही उत्तर झालं का?

पहिल्या गुरुवारी पडवीत जमलेल्या जवानांनी, त्यात माझा दादाही होता, तुमच्यासाठी खुर्ची आणली. तुम्ही ती बाजूला सरकवून जाजमावर त्यांच्या रांगेत मांडी घातलीत. त्यांची फार पंचाईत झाली. साहेब खाली बसल्यावर आपण कुठं बसायचं? आधी सगळे उभेच राहिले. मग सुभेदार बसले, मग हुद्द्याप्रमाणं बाकीचे, आणि अगदी दाराशी, चपलांजवळ, खेचरांच्या कंपनीतला फलटणकडचा गडी. मी दाराच्या बाहेर स्टुलावर, कुणाला भोवळ आली तर असावी म्हणून. तुम्ही म्हणालात, इथं जे बोलाल ते इथंच राहील, ज्याला जे वाटेल ते बोला. आणि गप्प बसलात. ते तुमच्याकडं बघतात, तुम्ही त्यांच्याकडं बघता. शेवटी एकजण ताठ बसून रिकाम्या खुर्चीकडं बघत म्हणाला, “सब ठीक, साब.” मग पुढचा म्हणाला, सब ठीक. मग त्याच्या पुढचा. गोल पुरा झाला, आणि ज्यांना सगळ्यांना घरच्यांनी बखोटीला धरून आणलं होतं ते सगळेच्या सगळे ठीक निघाले. पुढच्या गुरुवारी तुम्ही ती खुर्ची पडवीतून काढून टाकलीत.

तुमच्या गप्प बसण्यानं ते चिडायचे. तासगावचा एक लॉरी चालवणारा होता, मोटारीचा आवाज झाला की कोपऱ्यात जाऊन बसणारा. पण जीभ मोठी तिखट. तो एकदा म्हणाला, “डॉक्टर, आमच्या गावचा मारुती बी असाच. कितीबी गाऱ्हाणं घाला, गप्प.” दुसरा म्हणाला, “गड्या, मारुतीला निदान तेल तरी घालता येतंय.” सगळे हसले, आणि तुम्हीही हसलात. मग तुम्ही विचारलंत, “मी बोलत नाही म्हणून राग येतो?” लॉरीवाला म्हणाला, “येतो की. पगार खाता आन् आमालाच बोलाया लावता.” “मग या रागाचं काय करू या?” असं तुम्ही विचारलंत, आणि ते सगळे तावातावानं एकाच वेळी बोलायला लागले. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं की ती माणसं खुर्चीशी नाही, तुमच्याशी नाही, एकमेकांशी बोलत होती. सुभेदार मात्र बोलले नाहीत. ते मिशीवर हात ठेवून बसायचे. ते पहिल्यापासून सांगायचे, “मला काय झालं न्हाई. ह्या पोरांवर लक्ष ठिवाया येतो.” त्यांचा तो मिशीवरचा हात मिशीसाठी नव्हता, हात कापू नये म्हणून होता, हे मला स्टुलावरून दिसायचं. तुम्हाला दिसलं नसेल असं मी मानत नाही.

आणि तुमची ती घंटा. इस्पितळाची चारची घंटा झाली की तुम्ही उठायचात. समोरचा माणूस वाक्याच्या मधोमध असला तरी. फलटणच्या गड्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं ते घंटेच्या जरा आधी. खेचरांचं सांगत होता. डोंगरात आवाज होऊ नये म्हणून खेचरांच्या गळ्यातल्या नसा कापल्या होत्या, म्हणाला. ती तोंड उघडायची आणि आवाज यायचा नाही, आणि दलदलीत रुतलेल्या खेचराला गोळी घालायचं काम याच्याकडं होतं. तो रडायला लागला. कुणीतरी हसलं, “आरं, माणसं मेली तिथं, तू खेचरावर रडतो व्हय?” तुम्ही हसणाऱ्याला दटावलं नाही. रडणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. घंटा झाली, तुम्ही म्हणालात, वेळ झाली, राहिलेलं पुढच्या गुरुवारी, आणि उठलात. मला इतका संताप आला की मी तुमचा चहा तसाच नळाखाली ओतून दिला. पण मी खिडकीतून पाहिलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मोटार-स्टँडच्या रस्त्याला माझा दादा त्या फलटणच्या गड्याच्या बाजूनं चालत होता. मग दादानं त्याला काहीतरी विचारलं. घरी तीन महिन्यांत त्यानं कुणाला आपण होऊन एक प्रश्न विचारलेला नव्हता.

दादा बोलायला लागला तो त्याच्या पुढच्या गुरुवारी. म्हणाला, “मला झोप…” आणि थांबला. थांबला तो थांबलाच. मला ते बघवेना. मी दारातून म्हटलं, “लागत नाही त्याला, डॉक्टर.” सगळ्यांच्या माना हलल्या, दादाची पण हलली, आणि तो मिटून गेला. नंतर तुम्ही मला औषधांच्या खोलीत बोलावलंत. तुम्ही आवाज चढवायचा नाहीत, त्यामुळं तुमचं रागावणं जास्त लागायचं. “सिस्टर, त्याचं वाक्य तुम्ही का संपवलंत?” मी म्हटलं, मी त्याची बहीण आहे, त्याला काय म्हणायचंय ते मला माहीत आहे. “मला माहीत नाही,” तुम्ही म्हणालात, “आणि तो थांबला होता, म्हणजे त्यालाही कदाचित नव्हतं. त्याला शोधू द्या.” रविवारी मी घरी गेले. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं विचारलं, “काय बोलतात गं तिथं? काय हुतंय का बरं?” मला तुमची अट होती, इथलं इथंच. मी म्हटलं, बोलतात एकमेकांशी. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “बोलून बरं व्हायचं आसतं तर आमी बायका कवाच बऱ्या झालो आसतो की.”

आता त्या गुरुवारचं. पेरणी तोंडावर आली होती. दादानं आपण होऊन सुरुवात केली, जाजमाकडं बघत. नदी होती मोठी, म्हणाला. पलटण मागं सरत होती. त्याचा जोडीदार, वडूजच्या पलीकडच्या गावचा, तापानं फणफणला होता. “त्याला म्हणलं, पल्याड जातो आन् डोली घिऊन येतो. पाणी पाजलं. झाडाला टेकवून बसवला. नावंनं पल्याड गेलो. चार दिस चालत हुतो. कोण तरी म्हणलं, वाईच टेक, डोली येतीय. टेकलो. मला झोप लागली.” तो तिथं थांबला, पण त्या दिवशी वाक्य त्याचं त्यानं संपवलेलं होतं. “उठलो तवा नावा फोडल्या हुत्या आन् पल्याड जपानी. त्यो तिथंच बसला आसंल. मी येतो म्हणून सांगितलं हुतं.” मी स्टुलाची कड घट्ट धरून बसले होते. झोप लागत नाही, असं मी म्हटलं होतं. हे त्याचं अगदी उलट होतं.

आमच्याकडं चार पुरुष गोल बसले आणि एकानं मनातलं मांडलं की ती पंचायत असते. दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. बांधाचं भांडण असो, सोयरीक मोडलेली असो, एकानं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, जाणत्यानं निवाडा द्यायचा आणि मग सुपारी फोडून वाटायची. ज्यानं तुकडा तोंडात टाकला त्याला निवाडा मान्य. तुम्ही वाईच्या घरातले, पुण्यात शिकलेले. तुम्ही त्यांना इंग्रजी पद्धतीनं गोल बसवलं आणि तुम्हाला वाटलं हे नवीन काहीतरी आहे. त्यांना ते चांगलंच ओळखीचं होतं. इतके गुरुवार ते पंचांच्या बोलण्याची वाट बघत होते. तुम्ही पंच होईनात, तेव्हा सुभेदार झाले. त्यांनी मांडी सावरली, कमरेची चंची सोडली. “ऐकलं सगळ्यांनी. आता निवाडा. ज्याचं माणूस त्याच्या दारात जाऊन सांगायचं. तोंडानं, टपालानं न्हाई. त्याच्या आयनं जोडा मारला तर खाली मान घालून खायचा.” कुणी नाही म्हटलं नाही. कुणी म्हटलं नाही की चार दिवस चाललेल्या माणसाला झोप लागते. ते सगळे न्यायाला बसले होते, आणि मला दिसत होतं की त्यातल्या प्रत्येकाला दुसऱ्या कुणाचा तरी न्याय होतोय याचं बरं वाटतंय. सुभेदारांनी अडकित्ता काढला. सुपारी निसटली, जाजमावर घरंगळली, पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे दुसरीकडं बघायला लागले. तुम्हीसुद्धा. शेवटी लॉरीवाल्यानं अडकित्ता त्यांच्या हातातून घेतला आणि फोडून दिली.

तुकडे फिरत गेले. एकेकानं तोंडात टाकला. मी दारातून तुमच्याकडं बघत होते, डोळ्यांनी ओरडत होते म्हणा ना. थांबवा त्यांना. हा आजारी आहे, आरोपी नाही. तुम्ही डॉक्टर आहात, हे इस्पितळ आहे, चावडी नाही. तुकडा तुमच्यापाशी आला. तुम्ही तो घेतलात, तळहातावर ठेवून पाहिलात आणि मूठ मिटलीत. खाल्ला नाही, परतही केला नाही. शेवटचा तुकडा दादापुढं आला. तुम्ही विचारलंत, “तुझं काय म्हणणं आहे?” तो म्हणाला, “जायाला पायजे. लय दिस झालं, जायाला पायजे.” मग तुम्ही एकच शब्द विचारलात. “एकटा?”

तो शब्द तुम्ही दादाला विचारला होता, पण तुमची नजर दादावर नव्हती, गोलावरून फिरत होती. बाहेर धुण्याच्या दगडावर कुणीतरी चादर आपटत होतं. दाराशी, चपलांजवळ बसलेला फलटणचा गडी म्हणाला, “मी जातो संगट. मला तरी काय काम हाय?” मग लॉरीवाला म्हणाला, “वडूजपतूर मोटारीचं मी बघतो. वळखीचा डायवर हाय. पुढं चालावं लागंल गड्यानू.” कुणी विचारलं, तिच्यासाठी काय न्यायचं, मोकळ्या हातानं कसं जायचं? आणि बघता बघता ते पंच राहिले नाहीत. निवाडा तोच होता, पण आता तो एकट्यावर नव्हता. दादानं सुपारी उचलली. घंटा झाली. तुम्ही उठलात, तुमची मूठ कोटाच्या खिशात गेली आणि बाहेर आली ती मोकळी.

मी त्याच दिवशी तुमच्याशी भांडले. नर्सनं डॉक्टरशी बोलू नये तसं बोलले. म्हटलं, त्या म्हातारीनं खरंच जोडा मारला तर? तिथून हा परत न येता विहीर जवळ करील तर? तुम्ही त्यांना अडवलं का नाही? तुम्ही म्हणालात, “तो जायला निघालाच होता, सिस्टर. फार आधीपासून.” मी म्हटलं, आणि तो शब्द तुम्ही ठरवून विचारलात का? तुम्ही चष्मा पुसत होतात. म्हणालात, “फलटणच्या गड्याला विचारा, त्यानं काय ऐकलं ते.” मला तुमच्या हातातला तो चष्मा घेऊन भिरकावून द्यावासा वाटला.

फलटणच्या गड्यानं मला नंतर सांगितलं ते असं. म्हातारी दारातच वाकळ शिवत होती. दादानं उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं सुई थांबवली नाही. सांगून झाल्यावर विचारलं, “पाणी पाजलंस म्हणतूस?” दादा म्हणाला, “व्हय.” “प्याला का त्यो?” “प्याला. आजून मागितलं, त्ये बी दिलं.” मग तिनं दोरा तोडला, वाकळ बाजूला ठेवली. नंतर म्हणाली, “उनातनं आलायसा. बसा.” भाकरी आणि ठेचा वाढला. जेवल्यावर दादा उंबऱ्यापाशी टेकला आणि त्याला झोप लागली. गडी त्याला हलवायला गेला तर म्हातारी म्हणाली, “निजू दे.” निघताना तिनं माफ केलं वगैरे काही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, “माझ्याकडं औताला माणूस न्हाई. पेरणीला ये.” दादा गेला. त्या वर्षी गेला, पुढच्या वर्षी गेला, ती जिवंत होती तोवर दर वर्षी गेला. आधी तिचं रान पेरायचा, मग आमचं. चुलता पुण्याचं बोलायचा थांबला, कारण दादा आता रात्रीचे तीन-चार तास तरी आडवा पडायचा. माझी आई मात्र शेवटपर्यंत म्हणायची, “एक ल्योक लढाईनं न्हेला आसता तर रडून मोकळी झाले आसते. ह्यो आर्धा न्हेला.” याला बरं झाला म्हणायचं का, डॉक्टर? तुमच्या इंग्रजी पुस्तकात याला काय म्हणतात?

आणि सुभेदार? ते पुन्हा आले नाहीत. मला बाजारात भेटले. मी विचारलं, का येत नाही? म्हणाले, “आता माझं काय काम तिथं? पोराचा निवाडा झाला की.” हात धोतराच्या सोग्यात धरलेले. मी तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही पुढच्या गुरुवारी त्यांची जागा मोकळी ठेवायला सांगितलीत, कुणाला तिथं सरकू दिलं नाही. नंतरही प्रत्येक गुरुवारी जाजमावर तेवढा तुकडा रिकामा असायचा, आणि लॉरीवाला आल्या आल्या त्याच्याकडं बघून म्हणायचा, “सुभेदार रजेवर.” मला तेव्हा वाटायचं, केवढं मोठं मन आहे तुमचं. आता वाटतं, जागा मोकळी ठेवण्यापेक्षा टांगा करून त्यांच्या गावी गेला असतात तर? तो माणूस पुढं दहा वर्षं जगला. त्यांच्या बायकोनं मला सांगितलं, शेवटी शेवटी घास तिलाच भरवावा लागायचा, आणि त्यांनी कधी, कुणाला, काही सांगितलं नाही. दादाला तुम्ही ‘एकटा?’ विचारलंत. सुपारी घरंगळली तेव्हा सुभेदारांना का नाही विचारलंत? तुम्ही ते पुढच्या गुरुवारासाठी राखून ठेवलं होतं की तुम्हालाही नजर वळवावीशी वाटली?

मग दुसऱ्या हिवाळ्यात तुम्हाला विषमज्वर झाला आणि आठ-दहा दिवसांत तुम्ही गेलात. तापात तुम्ही बोलत होतात म्हणे, मी रात्रपाळीला नव्हते. नवीन डॉक्टरांनी पडवीत कपाटं ठेवली. गुरुवारी सगळे आले, कपाटांसमोर उभे राहिले आणि मग लॉरीवाला म्हणाला, “चला, स्टँडवर बसू.” ते काही दिवस स्टँडवर बसायचे, चहा प्यायचे. मग पाऊस, मग पेरण्या, मग ते मोडलं. मी बदली घेऊन सांगलीला आले. येताना ते जाजम मागून घेतलं, कुणाला नको होतं.

गेल्या बुधवारी त्याच जाजमावर मिरजेच्या बाजूची एक बाई बसली होती. तीन मुलं गेली आहेत तिची. आमच्या बाळंतपणाच्या डॉक्टर म्हणतात, चौथं राहील, नाही राहणार, सांगता येत नाही, आणि तिच्या जिवालाही धोका आहे. घरची माणसं तोंडानं काही म्हणत नाहीत, पण ताटात वाढताना हात आखडतात. तिनं मला सरळ विचारलं, “बाई, आजून एकदा बघू का?” सगळ्या माझ्याकडं वळल्या. मी तुमचं वाक्य म्हटलं. एक म्हणाली बघ, एक म्हणाली नको, एक नुसती रडली. मग सगळ्या पुन्हा माझ्याकडं वळल्या आणि मी गप्प बसले. तासगावच्या लॉरीवाल्यासारखं कुणी टोचलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यातली वडीलधारी म्हणाली, “बाई गप हायत म्हंजी बाईंस्नी कळलंया. आपल्या तोंडातनं काढून घ्यायचं आसतंय त्यास्नी.” सगळ्यांनी माना हलवल्या. त्या बाईनंसुद्धा. माझ्याकडं तिनं असं पाहिलं की जणू उत्तर माझ्या मुठीत आहे आणि मी वेळ आली की उघडणार आहे.

मला काही कळलेलं नव्हतं, डॉक्टर. मला काय विचारावं तेही सुचत नव्हतं आणि काय सांगावं तेही. मी गप्प बसले ते घाबरून. आणि त्यांनी त्याला शहाणपण म्हटलं तेव्हा मी नाही म्हणाले नाही.

उद्या पुन्हा बुधवार आहे. ती येणार आहे. म्हणून मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. ती सुपारी तुम्ही मुठीत धरलीत आणि ‘एकटा?’ असं विचारलंत, तेव्हा पुढं काय होईल ते तुम्हाला ठाऊक होतं, की तुम्हीही माझ्यासारखेच घाबरून बसला होतात आणि तो शब्द तोंडातून निसटला? ठाऊक होतं असं म्हणालात तर मी अजून शिकेन. ठाऊक नव्हतं म्हणालात तर उद्या त्या बायकांना निदान तसं सांगून बसेन. तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. तरी यावेळी मला शेजारच्याकडं पाठवू नका, तुम्हीच सांगा.